चुकलेली शेळी

श्रोतेहो, २०२२ च्या जूनमधले ‘काय झाडी, काय डोंगार’ आठवते ना? सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर कार्यकर्त्याशी बोलले. राजकारण मागे पडले, बोलण्याचा ठेका तेवढा गावोगाव गेला. तुकडा लहान, जरा विचित्र, अन् लग्नापासून शेतापर्यंत कुठेही डकवता येणारा. याला आता मीम म्हणतात.

संगणकाच्या खेळातही असेच घडते. स्वीडनमधल्या कॉफी स्टेन या छोट्या मंडळीने २०१४ च्या आरंभी गंमत म्हणून एक शेळी केली. साक्रीच्या रानातली नव्हे बरं का! हिची जीभ वस्तूला चिकटायची अन् ती वस्तू मागे फरफटत यायची. शिवाय रचनेत ढीगभर चुका: मान रबरासारखी ताणायची, अंग भलतीकडेच अडकायचे. फेब्रुवारीत तिची फीत लाखो लोकांनी पाहिली, पोट धरून हसले, पुढे धाडली.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेळीला लाज नसते. फळ्यापुढे अडखळलेल्या पोराला असते, आणि मोबाइलवरून गेलेली फीत परत बोलावता येत नाही. तेव्हा ती न काढलेलीच बरी.

स्वीडनच्या मंडळींनी खेळ बंद पाडणाऱ्या चुका तेवढ्या दुरुस्त करायचे ठरवले, हसवणाऱ्या जपून ठेवल्या, आणि १ एप्रिलला शेळी बाजारात आणली.