साइट बंद पडली, हे आधी कोणाला कळतं?



शहापूर-मुरबाडमधले तुम्ही काही जण जमातीची, शिष्यवृत्तीच्या माहितीची किंवा रक्तदात्यांच्या यादीची वेबसाइट सांभाळता. ती बनवायची कशी, हे मी सांगणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: ती बंद पडली तर सगळ्यात आधी कोणाला कळतं?

बहुतेक वेळा, ज्याला तिची गरज असते त्याला. टोकावड्याची एखादी बाई कागदपत्रांची यादी बघून कल्याणला निघणार असते. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीने एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. साइट उघडली नाही तर ती आपल्याला फोन करत नाही. ती एजंटाकडे जाते, पैसे देते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

‘साइट ९९ टक्के चालू असते’ हे ऐकायला छान वाटतं. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ ७ तास १२ मिनिटं बंद. हे सात तास फॉर्मच्या शेवटच्या तारखेलाच आले तर?

म्हणून साइटवर पहारा हवा. तो आयता देणाऱ्या कंपन्या आहेत, पण आपण स्वतःही ठेवू शकतो. लुई लॅम या प्रोग्रामरने २०२१ मध्ये आणलेलं ‘अपटाइम कुमा’ हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर ते चालतं. ठरावीक वेळाने, म्हणजे साधारण दर मिनिटाला, ते साइट उघडून बघतं. उत्तर आलं नाही तर टेलिग्रामवर किंवा ईमेलवर कळवतं. सगळी नोंद आपल्याच मशीनवर राहते. भातसा, तानसा, मोडकसागर आपल्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकर आपल्याच गावात. तेव्हा वस्तू आपली असणं आणि तोटी आपल्या हातात असणं यातला फरक शहापूरकरांना समजावायला नको.

चार गोष्टी मात्र पाळा.

पहिली: पहारेकरी वेगळ्या घरात ठेवा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होतं. त्याच गोंधळात कंपनीची स्वतःची आतली साधनंही अडकली आणि दुरुस्ती लांबली. ज्या सर्व्हरवर साइट आहे त्याच सर्व्हरवर पहारा ठेवला तर दोघे एकदमच झोपतील. आणि सूचना फक्त व्हॉट्सॲपच्या भरवशावर ठेवू नका, हेही त्या रात्रीने शिकवलं.

दुसरी: साक्षीदार दोन ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, नेट जातं. तेव्हा घरातल्या मशीनला वाटतं की साइटच पडली, आणि नेट नसल्यामुळे ते कळवूही शकत नाही. एक मशीन शहापूरला, एक मुरबाडला ठेवा. दोन-तीनदा तपासल्याशिवाय सूचना जाऊ नये, अशी सेटिंग करा. दोन्हीकडून सूचना आली तर साइट खरंच पडली आहे.

तिसरी: पान उघडलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. डोमेनचे पैसे भरायचे राहिले तर तिथे जाहिरातीचं पान येतं. तेही व्यवस्थित उघडतं. म्हणून आपल्या पानावरचा एखादा ठरलेला शब्द दिसतो का, हे तपासायला लावा. सुरक्षा प्रमाणपत्रावरही लक्ष असू द्या. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चं मोफत प्रमाणपत्र साधारणपणे ९० दिवसांचं असतं. ते संपलं की ब्राउझर लोकांना घाबरवून परत पाठवतो.

चौथी: सूचना कोणाला जाणार, ते नावानिशी ठरवा. ग्रुपमधल्या वीस जणांना गेलेली सूचना कोणालाच गेलेली नसते. या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरा. आणि दर जुम्म्याला ‘टेस्ट’चं बटण दाबून बघा, सूचना येते का.

आता नोंदीबद्दल. वक्फ मालमत्तांसाठीचं उमीद पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं, नोंदणीला सहा महिने होते. पोर्टल अडकतंय अशा तक्रारी शेवटी-शेवटी अनेक राज्यांतून आल्या. १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ दिली नाही. अडचण असेल त्याने न्यायाधिकरणाकडे जावं, असं सांगितलं. अशा वेळी ‘तेव्हा चालत नव्हतं’ एवढंच म्हणणारा मुतवल्ली आणि तारीख-वेळ सांगणारा मुतवल्ली यांत फरक पडतो. दुसऱ्याच्या पोर्टलचं पहिलं पान पाच-दहा मिनिटांनी बघायला हरकत नाही. त्याहून जास्त भार टाकू नका. पण पहिलं पान उघडतं म्हणजे फॉर्म जमा होतो, असं नाही. त्यासाठी प्रयत्न करतानाचे स्क्रीनशॉट तुम्हालाच ठेवावे लागतील.

लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून साइटचा पत्ता फोनमध्ये जपून ठेवलाय. ही अमानत आहे. बंद पडणं माणसाच्या हातात नेहमीच नसतं. ते आपल्याला आधी कळणं आणि साइट लवकर उभी करणं, हे मात्र आपल्या हातात आहे.

शहापूरचं मशीन कोण ठेवणार आणि मुरबाडचं कोण, एवढं आज उठण्याआधी ठरवूया.