भूकंपाचा मेसेज आणि आपली लेकरं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपण इथं प्लॉट घेतले तेव्हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, घर भूकंपात टिकेल का? किल्लारी आपल्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपेतच गेली. म्हणून 'आज रात्री भूकंप, नासाचा इशारा' असा मेसेज आला की इथं कुणाला हसू येत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो आला. आमच्या मंडळींचं माहेर किल्लारीजवळचं. त्यांनी अख्खी रात्र अंगणात खुर्ची टाकून काढली. मेसेज पाठवणारा कोण? आमचाच सातवीतला नातू! म्हणतो, "आजोबा, खाली नासा लिहिलंय की ओ."

रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आणि चार दोस्तांना हॉलमध्ये बसवलं. म्हटलं, तो मेसेज बाजूला ठेवा, दुसरीकडं कुठं हे लिहिलंय का शोधा. पोरं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या वेबसाइटवर पोचली. तिथं यादी होती, पण झालेल्या भूकंपांची. होणाऱ्यांची नव्हतीच! भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं जगात अजून कुणाला जमलेलं नाही, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं.

मग विचारलं, ही साइट सरकारीच कशावरून? एक मुलगी म्हणाली, "राजमुद्रा आहे ना सर." अगं, चित्र काय, कुणीही चिकटवतं. पत्ता वाचायचा. शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर सरकारी. 'गव्ह' मधेच कुठंतरी आणि शेवटी 'डॉट कॉम' असेल तर तिथंच थांबायचं. शिष्यवृत्तीच्या खोट्या लिंका अशाच असतात.

हे लेकरांपुरतंच नाही बरं का. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. भिक्षा मागायला आलेली, मंगळवेढ्याकडची माणसं. तो जमाव शाळकरी पोरांचा नव्हता, तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्यांचा होता.

तर कमिटीला विनंती आहे, रविवारी सकाळी १० ते ११ हॉल द्या. सहावी ते आठवीची मुलं, दोघांत एक मोबाईल. प्रत्येकानं घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज तपासायला आणायचा. गुड मॉर्निंगची फुलं चालणार नाहीत. पहिल्या रविवारचे पोहे आमच्या मंडळींकडून.