ज्याला पत्ता नाही, त्याचा पत्ता विहार



वर्धापन दिनानिमित्त आम्हाला शिक्षणावर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. आपल्या पोरांच्या शिक्षणावर इथं पुष्कळ बोलून झालं. आज आम्ही ज्यांना घर नाही, ठावठिकाणा नाही, अशा पोरांबद्दल बोलणार आहोत.

आपला कवठे महांकाळ तालुका दुष्काळी. पूर्वी इथली माणसं पोटासाठी बाहेर जात. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, ऊस आणि द्राक्षं वाढली, तशी बाहेरची माणसं इथं यायला लागली. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. पुढं बेदाण्याच्या शेडवर मजूर येतात. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात दोघं फडात जातात. कोपीवर राहते आठ-दहा वर्षांची पोरगी, कडेवर धाकटं भावंडं. पाच-सहा महिने असे गेले की गावाकडच्या शाळेत तिचं मन लागत नाही. मग चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, आणि नवा कोयता तयार!

बांधवांनो, कायदा या पोरांच्या बाजूचा आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी मुलाला दारात अडवता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून, मागं राहिलेलं शिकवून घ्यायची जबाबदारी शासनाची आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डही निघालं. पण कागदावरचा हक्क कोपीपर्यंत चालत जात नाही. तो माणसानंच न्यावा लागतो.

भगवान बुद्धांकडे सोपाक आला, तो स्मशानात वाढलेला सात वर्षांचा पोरगा होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याची कथा दिली आहे. बुद्धांनी त्याची जात विचारली नाही, घर विचारलं नाही. फक्त वडिलांची संमती आणायला सांगितली, आणि त्याला संघात घेतलं.

खुद्द बाबासाहेबांचं बालपण एका गावी गेलं नाही. दापोली, सातारा, मुंबई असं बिऱ्हाड हलत गेलं. तरी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव रजिस्टरला लागलं. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रजिस्टरातल्या एका ओळीचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको.

कुणी म्हणेल, आपलीच शिकलेली पोरं बेकार फिरतात, ही दुसऱ्यांची ओझी कशाला? आम्ही गिरणीत पाळ्या करत शिकलेली माणसं. दुपारपाळी सुटल्यावर दिव्याखाली पुस्तक वाचताना कुणीतरी अडलेला शब्द समजावून दिला, म्हणून आम्ही आज इथं उभे राहून बोलतो. तो समजावणारा आमच्या जातीचा होता का, हे आम्ही विचारलं नव्हतं.

तेव्हा विहारानं ही कामं हाती घ्यावीत. टोळी उतरली की आठवड्याच्या आत दोघांनी जाऊन मुलांची यादी करावी. आई-बापाला सोबत घेऊन मुख्याध्यापकांना भेटावं आणि नाव हजेरीपटावर चढेपर्यंत मागं लागावं. धाकट्यांना अंगणवाडीत पोचवावं, म्हणजे थोरलीचे हात मोकळे होतील. टोळी परत निघताना मुलाचा शाळेचा कागद आई-बापाच्या हातात पडेल, हे बघावं. चौदाच्या पुढं गेलेल्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे सांगावं. संध्याकाळी विहाराचा दिवा जळतोच आहे, त्याच उजेडात त्यांना तासभर बसवावं. यासाठी वर्गणी नको, वेळ पाहिजे.

वंदनेला बसताना आपल्या शेजारी कोपीवरचं एक पोर पाटी घेऊन बसलेलं दिसलं, तर या विहाराचा वर्धापन दिन खऱ्या अर्थानं साजरा झाला असं आम्ही समजू.

एवढं बोलून आमचे दोन शब्द पुरे करतो. नमो बुद्धाय! जयभीम!