जुन्या फटफटीची श्वासनलिका

पुष्य अमावास्येला नागोबाच्या जत्रेसाठी इंद्रवेल्लीहून केसलापूरकडे निघालेल्या फटफटींत कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या आजही दिसतात. त्यांच्या रबरी नळीला भेग पडली की पाऊल साहजिकच हार्डवेअरच्या दुकानाकडे वळते. त्यात गैर काही नाही. मात्र भेग कार्ब्युरेटरच्या कोणत्या बाजूस आहे, हे आधी पाहावे.

हवेच्या गाळणीपासून कार्ब्युरेटरपर्यंत नुसती हवा वाहते. तेथे नेमक्या मापाच्या रबरी पाइपाचा तुकडा आणि दोन पोलादी क्लिपा पुरतात. सांधा मात्र घट्ट हवा. कापसाच्या काळ्या रानातली धूळ आत गेली तर पिस्टनच्या रिंगा झिजतात.

पुढे इंजिनापर्यंतची गोष्ट निराळी. तेथे हवेत पेट्रोल मिसळलेले असते. सायकलच्या ट्यूबचे रबर त्याने फुगते, मऊ पडते. मग बाहेरची हवा शिरून मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते, आणि चार पैशांच्या बचतीपायी पिस्टन अडकून बसतो! नळीच फाटली असेल तर मूळ भागच घ्यावा. केवळ सांध्यातली ओ-रिंग गेली असेल, तर त्याच मापाची नायट्राइल रबराची चालते. दुकानदार छातीठोकपणे हमी देईल. तरी तसलीच एक जादा रिंग घेऊन झाकणाच्या काचेच्या बरणीत, घराबाहेर, रात्रभर पेट्रोलात ठेवावी. सकाळी ती फुगून सैल झालेली दिसली, तर तो माल परत करावा.

शेवटी इंजिन सुरू ठेवून सांध्यावर पाण्याचे थोडे थेंब सोडावेत. आवाज बदलला, तर हवा अजून शिरते आहे. पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडणारे कारागीर मी पाहिले आहेत. तापल्या इंजिनाशी तसला खेळ करू नये.