घर कोणासाठी, हप्ता कशासाठी?



मागच्या दिवाळीत आमच्या घरी भांडण झालं. मायला घरकुल मंजूर झालं होतं. सरकारचे 1 लाख 20 हजार येणार. माय म्हणाली, "मुकादमाकडून उचल थोडी जास्त घेऊ, अजून दोन खोल्या काढू." चाकणला कंपनीत कामाला असलेला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "कोणासाठी काढायच्या? तुम्ही सहा महिने कारखान्यावर, मी तिकडं भाड्याच्या खोलीत. घराला कुलूपच राहणार." माय रडायलाच लागली.

मला दोघांचंही पटत होतं. मायचा जन्म उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत गेला. पक्क्या घराचं दार म्हणजे तिची इज्जत. भावानं लहानपणापासून पाहिलंय, की उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि कोयता पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात. म्हणून त्याला उचलीची भीती वाटते.

पण मग त्याचाही हिशोब मांडला. गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, वर अॅपवरून घेतलेले पैसे. निम्मा पगार त्यातच जातो. मला म्हणतो, "अक्का, हे कर्ज नाही गं, हप्ता आहे." मी म्हटलं, "बाबा, उचल काय नि हप्ता काय, उद्याची कमाई आजच खाल्ली."

मग मी विचारलं, म्हातारपणाचं काय? माय म्हणाली, "पोरगा आहे ना." पोरगा म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." आणि मी? गावोगाव बचत शिकवते, वय 38, पण माझ्याही नावावर म्हातारपणासाठी रुपया नव्हता. मलाच लाज वाटली.

अटल पेन्शन योजना 2015 पासून आहे. वय 18 ते 40, बँकेत किंवा पोस्टात खातं पाहिजे, आयकर भरणारे नकोत. साठीनंतर महिना 5000 रुपये हवे असतील, तर अठराव्या वर्षी महिन्याला 210 रुपये भरावे लागतात, पंचविसाव्या वर्षी 376, आणि माझ्या वयाला 1196. उशिराची किंमत ही अशी. मला तेवढं झेपत नाही, म्हणून मी 2000 च्या पेन्शनसाठी 480 रुपये सुरू केले. तेव्हाच्या महागाईत त्यावर सगळं भागणार नाही, पण कोणापुढं हात तरी पसरावा लागणार नाही.

आमच्याकडं शेवटी असं ठरलं: घरकुल मंजूर आहे तेवढंच बांधायचं, जास्तीची उचल नाही. भावानं अॅपचं कर्ज आधी फेडायचं, नवा हप्ता घ्यायचा नाही. माय आठ दिवस बोलली नाही. आता स्वतःच्या ओट्यावर बसते.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत चार कामं करा. घरातले सगळे हप्ते एका कागदावर लिहा. पोरासुनेला विचारल्याशिवाय त्यांच्यासाठी म्हणून खोल्या काढू नका. घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 वर तुमचं नाव आहे का, ते बघा. आणि चाळिशी गाठायच्या आत बँकेत जाऊन पेन्शनचा फॉर्म भरा.

पोरांना नुसतं रागवू नका. त्यांना सोबत बसवा, तुमचाही हिशोब दाखवा. पोरगा म्हातारपणाची काठी होईल तेव्हा होईल, पण एक काठी आपल्या हातात आपली असू द्या.