खर्च चालू असतानाच हिशेब

लेखापरीक्षणाच्या क्षेत्रातील बंधुभगिनींनो,

कोविडकाळात सरकारांनी जो पैसा ओतला त्याची तपासणी नेमकी केव्हा व्हायला हवी, याविषयी मला बोलायचे आहे. वर्ष संपले की दप्तर मागवायचे, अर्धसमास काढायचे आणि अनुपालनाची वाट बघायची, ही आपली रीत. महामारीत ती पुरत नाही.

दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी 21 एप्रिल 2020 रोजी 500 अब्ज रँडचे मदत पॅकेज जाहीर केले. महालेखापरीक्षक किमी मकवेतू यांनी वाटप चालू असतानाच तपासणी हाती घेतली आणि सप्टेंबरात पहिला अहवाल काढला. बेरोजगारी विमा निधीच्या लाभार्थ्यांत मृत माणसे निघाली, तुरुंगातले कैदी निघाले, नोकरीचे वय न झालेली मुलेही निघाली. काही ठिकाणी संरक्षक साहित्य ठरलेल्या दराच्या पाचपट भावाने घेतले गेले होते. लाभार्थ्यांचे ओळख क्रमांक दुसऱ्या सरकारी नोंदींशी ताडून पाहिले आणि हे सापडले. असे काम इथे बसलेला प्रत्येकजण करू शकतो. फरक वेळेचा होता. योजना चालू असताना आक्षेप आल्यामुळे पुढचे पैसे अडवता आले.

आता आपल्याकडे पाहा. मुंबई महापालिकेच्या सुमारे 12,000 कोटींच्या कामांची विशेष तपासणी राज्य सरकारने ‘कॅग’कडे सोपवली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. त्यातल्या सुमारे 3,538 कोटींच्या कोविड खर्चाची कागदपत्रे महापालिकेने दिली नाहीत. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचा आधार सांगितला गेला. मार्च 2023 मध्ये अहवाल विधिमंडळात आला, तो हा खर्च वगळूनच. कोणी किती खाल्ले, हा आरोप मी करत नाही. तपासणीच झाली नाही तर ते बोलायचे कशाच्या बळावर?

आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 50 जरूर वाचा. तातडीच्या खरेदीत निविदा माफ आहे आणि माल वापरल्याचा अधिकाऱ्याचा दाखला प्रमाणक म्हणून चालतो. प्राण वाचवायचे असताना एवढी मोकळीक हवीच, मी तिच्या बाजूचा आहे. पण लेखापरीक्षकाला दप्तर दाखवू नका, असे त्या कलमात कुठेही म्हटलेले नाही.

आणखी एक नाव इथे घेतलेच पाहिजे. बबिता देवकरन. दक्षिण आफ्रिकेतल्याच गौतेंग प्रांताच्या आरोग्य खात्यातील या वरिष्ठ वित्त अधिकारी संरक्षक साहित्याच्या खरेदीच्या चौकशीत साक्षीदार होत्या. टेंबिसा रुग्णालयाच्या संशयास्पद देयकांवर त्यांनी बोट ठेवले होते. 23 ऑगस्ट 2021 रोजी जोहान्सबर्गमध्ये, घराबाहेरच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तपासणीची पद्धत कितीही चोख असो, खात्यातल्या अशा माणसावाचून खरा कागद आपल्या टेबलावर येत नाही. आपल्याकडे जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 साली संमत झाला आणि अजून अंमलात आलेला नाही.

म्हणून या अधिवेशनाने दोन ठराव करावेत, अशी विनंती आहे. कलम 50 खालच्या प्रत्येक खरेदीचा दाखला, दरपत्रक आणि साठा नोंदवहीचा उतारा 30 दिवसांत लेखापरीक्षकाकडे पोचलाच पाहिजे, अशी तरतूद त्याच कलमात व्हावी. आणि 2014 चा कायदा केंद्राने विनाविलंब लागू करावा. दोन्ही ठरावांचे मसुदे मी सोबत आणले आहेत. दुपारच्या सत्रात त्यांवर कलमवार चर्चा करू या.