जलदानानंतरची जबाबदारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने होतात. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. सारी हयात हापसे आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे निमंत्रण आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. परंतु सुवर्णमहोत्सवी वर्षात दुष्काळी भागातील गावांना बोअर व हापसे अर्पण करण्याचा आपल्या ट्रस्टचा मानस असल्याचे कळले आणि संकोच बाजूला ठेवावा असे वाटले. त्या हापशांचे पुढे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे.

आरंभी एक आठवण सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू पट्ट्यात हातपंप दुरुस्ती पथकात होतो. तक्रारी पोस्टकार्डाने येत. एके दिवशी लहान मुलीच्या हस्ताक्षरातले कार्ड आले. आजोबांनी सांगितलेले तिने लिहून घेतले होते : हापसा बंद आहे, पाणी दोन मैलांवरून आणावे लागते, लवकर यावे. मी ते कार्ड क्रमवारीप्रमाणे गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवले. आमची गाडी त्या गावी पोहोचली ती चाळीस दिवसांनी. पाइप वर काढले, सिलिंडर उघडला, वॉशर झिजलेले होते. बदलले. सारे काम अडीच तासांत आटोपले. पाणी आले तेव्हा ती मुलगी कळशी घेऊन रांगेत उभी होती. शाळेची वेळ होती, म्हणून मी सहज विचारले. ती म्हणाली, "दीड महिना झाला, शाळेत गेले नाही. आई मजुरीला जाते, पाणी मीच आणते." त्या हापशाच्या ओट्यावर संगमरवरी पाटी होती. दात्याचे नाव सुवाच्य होते, एक अक्षरही पुसले गेले नव्हते.

क्रमवारी पाळण्यात माझी चूक झाली असे कोणी म्हटले नाही. नियमाने ती चूक नव्हतीच. तरी त्या दिवसापासून 'वॉशर संपले' हे शब्द मी पूर्वीच्या निर्विकारपणे उच्चारू शकलो नाही.

हापशाची जन्मकथा आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. साठ-सत्तरच्या दशकांतील दुष्काळांत कठीण खडकात बोअर घेण्याची यंत्रे आली. आपल्याकडे बहुतांशी काळा पाषाण. त्याच्या भेगांतले पाणी वर आणण्यासाठी बिडाचे पंप बसवले गेले. ते मुळात पाश्चात्त्य देशांतील एकेका कुटुंबासाठी योजलेल्या पंपांच्या नकला होत्या. गावाची दिवसभराची गर्दी त्यांना सोसवेना आणि ते भराभर मोडू लागले. तेव्हा जालना आणि सोलापूर येथे, तेथील मिशनच्या पाणीकामातून, पोलादाचे मजबूत पंप घडवले गेले. सोलापूरचा पंप विशेष टिकाऊ ठरला. त्याच्या आधारे भारत सरकार, युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. नव्वदीच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे पन्नास लाख पंप बनले. आपल्या गावच्या चावडीपुढे उभा असलेला हापसा बहुधा त्याच कुळातला.

तो चालतो कसा, हे थोडक्यात सांगतो. वरचा दांडा ही तरफ आहे. दांडा दाबला की साखळीला जोडलेली सळई वर येते. सळईच्या टोकाशी, जमिनीखाली वीस-तीस मीटरवर, पितळी अस्तराचा सिलिंडर असतो आणि त्यात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला बसवलेले वॉशर सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकून पाणी उचलते, तर तळचा व्हॉल्व्ह उचललेले पाणी परत जाऊ देत नाही. सारे काही ठीक असेल तर चाळीस दांड्यांत पंधरा लिटरच्या आसपास पाणी यावे.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आरंभी ही वॉशरे चामड्याची असत. आपल्या समाजातील कित्येक वृद्ध मंडळी त्यामुळे हापशाचे पाणी पीत नसत. चामड्याच्या मोटेचे पाणी वर्ज्य मानणाऱ्यांना हे चामडे तरी कसे चालावे? माझी आजी त्यांपैकीच एक. हापसा दारात असूनही ती आडाचे पाणी शेंदून, दुहेरी वस्त्राने गाळून घेई आणि जीवाणी पुन्हा त्याच आडात सोडी. पुढे कोइंबतूरच्या परिसरात ऐंशीच्या दशकात झालेल्या चाचण्यांत नायट्रिल रबराचे वॉशर चामड्यापेक्षा अधिक टिकते असे दिसून आले आणि हळूहळू चामडे मागे पडले. धर्माचा आक्षेप आणि यंत्राची सोय असे एका मार्गाला लागलेले पाहणे मला फार गमतीचे वाटले. आजी तोवर हयात नव्हती.

बिघाड ओळखण्यासाठी मिस्त्रीच हवा असे नाही. पहाटे पहिली कळशी भरताना पाणी येईपर्यंत दांडा किती वेळा मारावा लागला, ते मोजावे. रात्रभर उभ्या राहिलेल्या पंपाला पाच-सहा दांड्यांत पाणी आले, तर चिंता नाही. वीस-पंचवीस लागू लागले, तर तळच्या व्हॉल्व्हमधून अथवा पाइपाच्या सांध्यातून पाणी परत उतरत आहे. पाणी येते पण धार बारीक झाली, तर वॉशर झिजले. दांडा एकाएकी हलका झाला आणि पाणीच नाही, तर सळई तुटली किंवा सुटली. दांडा डावी-उजवीकडे डुलू लागला, तर बेअरिंग गेले. साखळी कोरडी ठणठणीत असेल, तर ग्रीस लावून किती महिने झाले ते विचारावे. बहुतेक ठिकाणी ते कोणालाच आठवत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. उन्हाळ्यात पाण्याची पातळी सिलिंडरच्या खाली गेली, तर पंप निर्दोष असूनही कोरडा चालतो. त्यासाठी आधी दोरीला वजन बांधून पातळी मोजावी. पाणी असेल आणि बोअरची खोली पुरेशी असेल, तर पाइप वाढवून सिलिंडर खाली नेता येतो. पाणीच नसेल तर कितीही वॉशरे बदलली तरी उपयोग नाही, हे गावाला स्पष्ट सांगावे.

मग एवढे सोपे असताना हापसे महिनोन् महिने बंद का राहतात? मार्क टू पंपाचे वॉशर बदलायचे तर खालचे सर्व पाइप वर काढावे लागतात. तीस मीटरचा लोखंडी पाइप, सळया आणि आत भरलेले पाणी मिळून दीडशे किलोच्या घरात वजन होते. त्यासाठी तिवई, कप्पी, पकडी आणि चार-पाच माणसे लागतात. म्हणून गाडी आणि पथक यांच्यावाचून गावाचे अडते. या अडचणीवर उपाय म्हणून 'मार्क थ्री' आला. त्याचा उभा पाइप पासष्ट मिलिमीटरचा, म्हणजे इतका रुंद की, दट्ट्या आणि तळचा व्हॉल्व्ह त्यातूनच सळयांसह वर येतात. पाइप जागच्या जागी राहतात आणि दोन माणसे साध्या हत्यारांनी वॉशर बदलू शकतात. आपण नवे पंप देणार असाल तर हा प्रकार मागावा, एवढी माझी विनंती आहे.

दोन माणसे म्हणालो, त्यात स्त्रियाही आल्या. उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात नव्वदीच्या दशकाच्या आरंभी महिला समाख्या कार्यक्रमातून ग्रामीण स्त्रियांनी हातपंप दुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि पाने हाती घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. राजस्थानात तिलोनिया येथेही गावातल्याच माणसाला हातपंप मिस्त्री करण्याचा प्रयोग झाला. पाण्याची झळ जिला प्रथम लागते, तिच्याच हाती पाना असावा, हे मला अत्यंत योग्य वाटते.

आता विहिरीवरच्या आणि नळयोजनेच्या मोटारींकडे वळतो. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने घरात, हे त्याचे उद्दिष्ट. अनेक गावांत नळ आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या नळामागे कोठेतरी विहीर आहे, विहिरीवर मोटार आहे, आणि ती मोटार जळली की, साऱ्या गावचे नळ एकाच वेळी कोरडे पडतात. एक हापसा बंद पडला तर शेजारच्या आळीत दुसरा असे. येथे तसा आधार नाही.

मोटार जळते ती बहुधा तीन कारणांनी. व्होल्टेज कमी असले की ती अधिक प्रवाह ओढते आणि तापते. तीनपैकी एक फेज गेला की नुसती घुमते व काही वेळात वाइंडिंग जाते. पाणी संपल्यावरही चालू राहिली तर कोरडी फिरून जळते. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीला तर थंडावा पाण्याचाच असतो. या तिन्ही प्रसंगी मोटार बंद करणारी साधने मिळतात आणि त्यांची किंमत रिवाइंडिंगच्या खर्चाहून पुष्कळ कमी असते. तरीही मी जळलेली मोटार वर काढायला गेलो आणि स्टार्टरमधला रिले तारेने बांधून ठेवलेला सापडला, असे कितीदा तरी घडले आहे. "सारखा ट्रिप होत होता, म्हणून बांधला," असे उत्तर मिळते. तो ट्रिप होऊन काही सांगत होता, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

काठावर बसवलेल्या पंपाचे निराळेच. त्याला पाणी खालून ओढायचे असते आणि हवेच्या दाबाच्या बळावर सहा-सात मीटरपलीकडे ते व्यवहारात जमत नाही. पाणी खोल गेले की पंप खाली आणावा लागतो. फूटव्हॉल्व्हमध्ये, ज्याला आपले शेतकरी फुटबॉल म्हणतात, एखादी काडी अडकली तरी पंप हवा धरतो. ती काडी काढण्यासाठी माणूस विहिरीत उतरतो, आणि येथे मला कठोर शब्दांत बोलायचे आहे. वीज मुख्य स्विचवरून तोडल्याखेरीज, कंबरेला दोर आणि काठावर दोन माणसे असल्याखेरीज कोणीही उतरू नये. जुन्या, बंदिस्त विहिरीत आधी कंदील सोडून पाहावा. तो विझला तर आत प्राणवायू नाही. पेटता राहिला म्हणजे सारे निर्धोक झाले असेही समजू नये. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवणे तर साक्षात मृत्यूला बोलावणे आहे. ज्या कुटुंबांचे कर्ते पुरुष अशा कामात गेले, त्यांच्या दारात मी बसलो आहे.

दुरुस्तीनंतर विहिरीचे निर्जंतुकीकरण करावे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणले की पाणी किती लिटर ते निघते. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. नित्याच्या शुद्धीकरणासाठी हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल या प्रमाणाने एकशेनव्वद ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीत कालवून वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि निदान अर्धा तास पाणी घेऊ नये. गावच्या जलसुरक्षकाला हे ठाऊक असते. त्याला फक्त ताजी पावडर वेळेवर मिळाली पाहिजे.

आता मूळ विषयावर येतो. विश्वस्तांनी संकल्पित गावांची यादी मला दाखवली. त्यांपैकी चार गावे माझ्या परिचयाची आहेत. चारही गावांत आधीचे हापसे उभे आहेत आणि माझ्या अंदाजाने त्यांतले निम्मे तरी दुरुस्त होऊ शकतील. नवा बोअर घेण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावेत. शेजारी नवे भोक पाडून जुन्याचेच पाणी विभागले जाते, असेही घडते. हापसा कोणी दिला तरी तो असतो ग्रामपंचायतीचा. म्हणून ग्रामसभेची संमती घेऊन आणि पाणीपुरवठा समितीला बरोबर घेऊनच हे करावे. दानाच्या रकमेतला काही भाग बँकेत ठेवून त्याच्या व्याजातून वॉशर, बेअरिंग, साखळ्या आणि ग्रीस यांची एक पेटी सदैव भरलेली ठेवता येईल. प्रत्येक गावातील दोघांना, शक्यतो एका भगिनीला, मी शिकवीन. माझे गुडघे आता तिवईखाली बसू देत नाहीत, पण खुर्चीवर बसून शिकवता येते.

दात्यांना नाव लावण्याची इच्छा असते, त्यात मला वावगे वाटत नाही. पाटीवर नावाच्या खाली दुरुस्ती करणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहायला जागा ठेवावी, एवढेच सुचवतो. तारीख खडूने लिहिली तरी चालेल.

मंडपाबाहेर डावीकडे मी एक जुना सिलिंडर उघडून ठेवला आहे. शेजारी दोन वॉशरे आहेत, एक नवे आणि एक झिजलेले. भोजनापूर्वी युवकांनी, आणि विशेषतः मुलींनी, ती हातात घेऊन पाहावीत. ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी तेथेच वही ठेवली आहे; नाव आणि गाव लिहून द्यावे.  जय जिनेंद्र.